तळोज्यात बनलेला दोन चाकी ट्रेलर आणि दांडीवर न लिहिलेला वेग

कळंबोली, तळोजा, उरण या पट्ट्यात 'ट्रेलर' म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो न्हावाशेव्याच्या बंदरातून चाळीस फुटी कंटेनर घेऊन निघालेला अवजड वाहनांचा ताफा. मी ज्याचे परीक्षण लिहीत आहे तो ट्रेलर त्याच्या पंक्तीत अगदीच लहान आहे. दोन चाके, एक ॲक्सल, रिकामे वजन १७० किलो आणि खाजगी मोटारीच्या मागे जोडून कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या लांब अरुंद होड्या, वाहून नेण्यासाठी बनवून घेतलेला. आम्ही खारघरला राहतो. सागरी कयाकिंग हा आमच्या घराचा जुना छंद आहे आणि पाच मीटर लांबीच्या तीन कयाक गाडीच्या टपावर बांधून गोव्यापर्यंत नेणे दोन वेळा केल्यानंतर तिसऱ्यांदा करण्याची ताकद आमच्यात उरली नव्हती. म्हणून तळोजा औद्योगिक वसाहतीतील एका छोट्या कार्यशाळेकडून हा ट्रेलर बनवून घेतला. कार्यशाळेचे नाव देत नाही, कारण मालकांची तशी परवानगी घेतलेली नाही आणि पुढे त्यांच्या एका चुकीबद्दल बरेच लिहायचे आहे.

आधी वस्तूबद्दल. सांगाडा चौकोनी पोलादी नळ्यांचा आहे आणि वेल्डिंग पाहताच कारागिराचा हात कळतो. सांध्यांवर वितळलेल्या धातूच्या रेषा सलग आणि सारख्या रुंदीच्या आहेत, कोठेही ग्राइंडर फिरवून दोष झाकलेला नाही. संपूर्ण सांगाड्यावर जस्ताचा थर गरम बुडवून दिलेला आहे. खाडीच्या हवेत नुसता रंग दोन पावसाळेही टिकत नाही, हे बेलापूर-नेरूळच्या कोणत्याही लोखंडी फाटकाकडे पाहून कळेल, त्यामुळे या एका गोष्टीसाठी मी जादा पैसे आनंदाने दिले. खाली पाटे आहेत, ट्रेलरच्या दांडीचे टोक गाडीमागच्या ज्या गोळ्यावर बसते तो ५० मिलिमीटरचा आहे आणि आडव्या टाकायच्या दोन सुरक्षा साखळ्या दिलेल्या आहेत. गोळ्याच्या मापाबद्दल एक सूचना येथेच करते. अमेरिकेतून मागवलेल्या जोडणीचा गोळा दोन इंचांचा, म्हणजे ५०.८ मिलिमीटरचा असतो. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण जोडणी नीट बसत नाही, तेव्हा गोळा आणि त्यावर बसणारा दांडीच्या टोकाचा कपलर एकाच मापाचे आहेत याची खात्री कॅलिपर लावूनच करावी.

नोंदणीचे काम अपेक्षेपेक्षा लांबले, परंतु झाले. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६१ प्रमाणे ट्रेलरची नोंदणी इतर वाहनांसारखीच करावी लागते आणि शिवाय ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक ट्रेलरच्या मागे दिसेल असा लावावा लागतो. आमच्या गाडीची एमएच ४६ ची पाटी मागे झाकली जात असल्याने हे आवश्यकच होते. विमा कंपनीला लेखी कळवणे आणि गाडीच्या माहितीपुस्तिकेत ओढण्याचे कमाल वजन दिलेले आहे का ते पाहणे, ही दोन कामे ट्रेलरची ऑर्डर देण्याआधीच उरकावीत.

ट्रेलर ताब्यात घेताना मी मालकांना विचारले, "शेठ, हा किती वेगाने ओढायचा?" ते सहजपणे म्हणाले, "ताई, गाडी जेवढी पळेल तेवढा हा मागून पळेल. आमच्या कामात काही निघत नाही." त्यांच्या आवाजात कामाबद्दलचा रास्त अभिमान होता आणि तुटण्याच्या दृष्टीने ते बोलले ते खरेही होते. पण माझा प्रश्न तुटण्याबद्दल नव्हता. नोकरीनिमित्त मी चार वर्षे कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटोजवळ राहिले होते. तेथे घर बदलताना यू-हॉल या कंपनीचा ट्रेलर भाड्याने घेतला, तेव्हा ताशी ५५ मैल हा कमाल वेग ट्रेलरच्या अंगावरच ठळक छापलेला होता आणि सामान भरताना साठ टक्के वजन पुढच्या अर्ध्या भागात ठेवा, अशी सूचनाही जोडीला होती. तळोज्याच्या ट्रेलरच्या दांडीवर यातले काहीच लिहिलेले नव्हते. त्या दिवशी मी तो प्रश्न पुढे रेटला नाही, याचा मला आजही खेद आहे.

या मुद्द्यावर थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण ट्रेलर घेणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो आणि त्याचे उत्तर कायद्यात एका ठिकाणी सापडत नाही.

अमेरिकेत वेगमर्यादा हा राज्यांचा विषय आहे. १९७४ मध्ये तेलटंचाईच्या काळात केंद्राने साऱ्या देशासाठी ताशी ५५ मैलांची मर्यादा घातली होती. १९८७ मध्ये काही रस्त्यांवर ती ६५ पर्यंत वाढवू दिली आणि १९९५ मध्ये ती पूर्णपणे उठवून अधिकार राज्यांकडे परत दिला. त्यानंतर प्रत्येक राज्याने आपापला मार्ग धरला. कॅलिफोर्नियात मोटारीला ६५ किंवा ७० मैलांची मुभा असलेल्या रस्त्यावरही मागे काहीही जोडलेले असेल, मग तो घोडे नेणारा मोठा ट्रेलर असो वा दोन सायकलींचा गाडा, तर मर्यादा ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची आहे. शिवाय तशा गाडीला उजव्या बाजूची, म्हणजे तेथील संथ मार्गिका धरावी लागते. वॉशिंग्टन राज्यात हाच आकडा ६० मैल, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटर आहे. कॅलिफोर्नियातून पूर्वेला निघालेला इंटरस्टेट ८० हा रस्ता सिएरा नेवाडाचे डोंगर ओलांडून नेवाडा राज्यात उतरतो. तेथे ट्रेलर ओढणाऱ्या मोटारीसाठी वेगळी मर्यादा नाही आणि त्या रस्त्याच्या काही ओसाड टप्प्यांवर फलकावर ८० मैल लिहिलेले आहे. मी स्वतः त्या सीमेवरून ट्रेलर घेऊन गेलेली आहे. सीमेच्या अलीकडे ५५ मैल आणि पलीकडे कायद्याने त्याहून कितीतरी जास्त, पण ट्रेलर तोच, टायर तेच, वारा तोच आणि ट्रेलरच्या अंगावर छापलेला आकडाही तोच. त्या दिवशी मी ५५ वरच राहिले आणि मागून येणाऱ्या गाड्या मला ओलांडून जात राहिल्या.

युरोपात या बाबतीत अधिक बारकाईने विचार झालेला दिसतो. जर्मनीत जेथे मोटारीला वेगमर्यादाच नाही अशा महामार्गावरही ट्रेलर जोडलेल्या मोटारीला ८० किलोमीटरचीच मुभा आहे. ती १०० पर्यंत वाढवून हवी असेल तर तशी मान्यता घ्यावी लागते आणि तिच्या अटींत ट्रेलरचे टायर सहा वर्षांपेक्षा जुने नसावेत हीसुद्धा एक अट आहे. ब्रिटनमध्ये दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ५० मैल, दुभाजकाच्या रस्त्यावर आणि मोटारवेवर ६० मैल, आणि तीन मार्गिकांच्या मोटारवेवर सर्वांत वेगवान मार्गिकेत जाण्यास बंदी, असा नियम आहे.

आपल्याकडे रचना अमेरिकेच्या उलट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ प्रमाणे वरची मर्यादा केंद्र सरकार ठरवते आणि सार्वजनिक सुरक्षेसाठी किंवा रस्त्याच्या, पुलाच्या स्वरूपामुळे गरज वाटल्यास राज्य सरकार त्याखालची मर्यादा घालू शकते. केंद्राच्या ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत प्रवासी मोटारीला नियंत्रित प्रवेशाच्या द्रुतगती मार्गावर १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १०० आणि इतर रस्त्यांवर ७० किलोमीटर, तर मालवाहू वाहनांना पहिल्या दोन प्रकारांच्या रस्त्यांवर ८० आणि उरलेल्या ठिकाणी ६० किलोमीटर असे आकडे होते. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ही अधिसूचना रद्दबातल ठरवून २०१४ च्या मर्यादांकडे परतण्यास सांगितले होते. राज्यांनी मात्र आपापले आकडे लावलेले आहेत. समृद्धी महामार्गावर मोटारीला १२०, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला १०० आणि बोरघाटात ६०. केरळने जुलै २०२३ पासून सहापदरी राष्ट्रीय महामार्गावर ११० आणि चौपदरीवर १०० अशी मर्यादा लावली. कर्नाटकात ऑगस्ट २०२४ पासून १३० च्या पुढे गेलेल्या चालकावर थेट गुन्हा नोंदवण्याचे धोरण आले. दंडाची तऱ्हाही राज्याराज्यांत वेगळी आहे. २०१९ च्या दुरुस्तीने हलक्या वाहनाच्या अतिवेगासाठी १,००० ते २,००० रुपयांचा पल्ला दिला, पण खटल्याऐवजी भरून प्रकरण मिटवायची तडजोडीची रक्कम ठरवणे राज्यांच्या हाती असल्याने गुजरातने सप्टेंबर २०१९ मध्येच अनेक दंड खाली आणले, तर महाराष्ट्राने नव्या रकमा डिसेंबर २०२१ मध्ये लागू केल्या.

आता या साऱ्यात माझा ट्रेलर कोठे बसतो? २०१८ च्या तक्त्यात प्रवासी मोटारी, बस, मालवाहू वाहने, दुचाकी, तीनचाकी आणि क्वाड्रिसायकल असे गट आहेत. ट्रेलर ओढणाऱ्या खाजगी मोटारीसाठी वेगळी ओळ त्यात नाही. म्हणजे चौपदरी महामार्गावरून ट्रेलर घेऊन जाणाऱ्या माझ्यासारख्या चालकाला रस्त्याकडेच्या फलकावर दिसतो तो १०० हा मोटारीचाच आकडा. तो आकडा मोटारीचे ब्रेक, मोटारीचे टायर आणि मोटारीचा तोल गृहीत धरून ठरलेला आहे. मागे जोडलेल्या, स्वतःचा ब्रेक नसलेल्या तीनशे किलोंच्या वस्तूला तो लागू पडत नाही. कायदा जेथे गप्प आहे तेथे तो आकडा बनवणाऱ्याने सांगायला हवा, आणि माझ्या मते ट्रेलर विकणाऱ्याची पहिली परीक्षा हीच आहे. जस्ताचा थर आणि वेल्डिंग त्यानंतर येतात.

पहिला प्रवास डिसेंबरमध्ये झाला. खारघरहून जुन्या महामार्गाने खोपोली, पुढे पुणे, सातारा, कोल्हापूर, निपाणी, बेळगाव आणि चोर्ला घाटातून गोवा, म्हणजे महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोवा अशी तीन राज्ये. गाडीत मी, माझे यजमान आणि मोठे दीर असे तिघे होतो. कोल्हापूरपर्यंतचा रस्ता रुंदीकरणाच्या कामामुळे जागोजागी वळवलेला होता आणि हंगाम असल्याने उसाच्या ट्रॉल्या सुरू होत्या. सबंध अंगाने लवलेल्या, मागे दिवा नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या एकाच ट्रॅक्टरमागे जाताना पाहून दीर म्हणाले, "हे लोक पंचवीसच्या वर का जात नाहीत ते आपण मागे काही जोडल्यावर कळतं." त्यांचे म्हणणे तासाभरात खरे ठरले.

कऱ्हाड सोडल्यावर रस्ता मोकळा मिळाला आणि मी ८५ पर्यंत गेले. सौम्य उतार होता. एक आरामबस आम्हाला ओलांडून गेली, तिने ढकललेली हवा ट्रेलरवर आदळली आणि गाडीचा मागचा भाग कोणीतरी डावीकडे ओढावा तसा ओढला गेला. मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, आणि दर खेपेला आधीपेक्षा थोडा जास्त. आरशात कयाकची टोके रस्त्याच्या कडेपासून दुभाजकाकडे झोल खाताना दिसत होती. अशा वेळी हात आपोआप स्टिअरिंग उलट फिरवायला जातात आणि पाय ब्रेककडे जातो, आणि या दोन्ही गोष्टी करायच्या नसतात. ट्रेलर डावीकडे असताना आपण दिलेला उलटा हिसका गाडीपर्यंत पोहोचेपर्यंत ट्रेलर दुसऱ्या बाजूला गेलेला असतो, म्हणजे आपला हिसका त्याच्या झोल्यात भरच घालतो. जोरात ब्रेक दाबला तर गाडी मंदावते पण ब्रेक नसलेला ट्रेलर मागून ढकलत राहतो आणि गाडीचे ढुंगण बाजूला फेकतो. मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, स्टिअरिंग सरळ घट्ट धरून ठेवले आणि वेग ६५ च्या खाली येईपर्यंत दुसरे काहीही केले नाही. सात-आठ सेकंदांत झोल थांबला. मागे जवळ वाहन नव्हते, हे आमचे भाग्य. पुढच्या पेट्रोल पंपावर आम्ही अर्धा तास थांबलो आणि तेथून पणजीपर्यंत ६० च्या वर गेलो नाही.

हे असे का होते ते नीट समजून घेतल्याशिवाय या ट्रेलरबद्दल न्याय्य लिहिता येणार नाही. जोडणीच्या गोळ्याभोवती ट्रेलर आडवा झुलू शकतो. वाऱ्याने, खड्ड्याने किंवा स्टिअरिंगच्या हालचालीने त्याला धक्का बसला की तो थोडा झुलतो आणि टायरांच्या घर्षणामुळे झुलणे विरते. वेग जसा वाढतो तसे हे विरणे मंदावते, आणि प्रत्येक ट्रेलरचा असा एक वेग असतो की ज्याच्या पुढे झुलणे विरतच नाही, उलट आपोआप वाढत जाते. तो वेग कोणता, हे मुख्यतः वजन कोठे आहे यावर ठरते. वजन ॲक्सलच्या पुढे असेल तर दांडीचे टोक गोळ्यावर दाबून बसते आणि तो वेग बराच वर जातो. वजन मागे असेल तर टोक हलके पडते आणि तो वेग खाली येतो. म्हणूनच एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार गोळ्यावर असावा, असा जाणकारांचा नेम आहे. आणि म्हणूनच कोणत्याही राज्याला सर्व ट्रेलरांसाठी नेमका सुरक्षित आकडा काढता येत नाही. चुकीच्या पद्धतीने भरलेला ट्रेलरही बहुतेक वेळा सांभाळला जाईल, इतका खालचा आकडा ठरवणे एवढेच कायद्याला जमते. कॅलिफोर्नियाचे ५५ मैल हे मला त्या अर्थाने समजतात.

घरी परतल्यावर सोसायटीच्या सपाट वाहनतळावर घरचा वजनकाटा एका लाकडी ठोकळ्यावर ठेवून दांडीचे टोक मोजले. ट्रेलर १७० किलो, तीन कयाक ७८ किलो आणि भरलेली सामानपेटी ६२ किलो, असे एकूण ३१० किलो. त्यातले गोळ्यावर येत होते अवघे १८ किलो, म्हणजे सहा टक्केही नाही. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. कार्यशाळेने सामानपेटी ॲक्सलच्या मागे वेल्ड करून दिली होती, कारण तेथे ती उघडायला सोयीची पडते. मी पेटी मागितली होती, पण ती कोठे असावी हे सांगितले नव्हते. जागा त्यांनी ठरवली आणि तिचा वेगाशी काय संबंध आहे हे त्यांना ठाऊक नव्हते.

येथून पुढचा भाग कार्यशाळेच्या बाजूने जातो आणि तो लिहिताना मला मनापासून समाधान वाटते. मी वजनांचा कागद घेऊन तळोज्याला गेले. मालकांनी तो दोनदा वाचला, मला वाद न घालता सर्व सांगू दिले, मग एका जुन्या फळीला मध्ये आस ठोकून आणि तिच्यावर नटबोल्टची पिशवी पुढेमागे सरकवत स्वतःच खात्री करून घेतली. पेटी कापून ८० सेंटिमीटर पुढे, ॲक्सलच्या अलीकडे आणली, कापलेल्या जागी पुन्हा जस्ताचे लेपन केले आणि याचे पैसे घेतले नाहीत. गोळ्यावरचा भार आता ३७ किलो आहे, म्हणजे बारा टक्के. त्यानंतर खारघर-तळोजा रस्त्यावर रविवारी पहाटे आम्ही ६० च्या वेगाला स्टिअरिंगला मुद्दाम हलकेसे झटके देऊन पाहिले. ट्रेलर एकदा हलून लगेच सरळ होतो.

टायरांबाबत मात्र माझी तक्रार कायम आहे. १३ इंची टायर नवे म्हणून लावले होते आणि त्यांची नक्षीही न झिजलेली होती, परंतु बाजूच्या भिंतीवरच्या चार अंकी खुणेत शेवटचे दोन अंक निर्मितीचे वर्ष सांगतात आणि त्या हिशेबाने ते सात वर्षांपूर्वीचे निघाले. ट्रेलरचे टायर क्वचितच झिजून संपतात, ते उभे राहून राहून वयाने संपतात. उन्हात रबर कडक होते, भिंतीला बारीक तडे जातात आणि वेगात तापल्यावर तेथूनच फुटतात. जर्मनीतील सहा वर्षांच्या अटीमागे हेच आहे. दोन्ही टायर मी स्वखर्चाने बदलले. कार्यशाळेचे म्हणणे असे की पुरवठादाराने जे दिले ते त्यांनी लावले. हे उत्तर मला पटले नाही आणि मी ते त्यांना तसे सांगितले.

दुसरा प्रवास फेब्रुवारीत, त्याच मार्गाने. या वेळी नियम आधीच ठरवून निघालो. चौपदरी महामार्गावर ७०, दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ५०, घाटात उतरताना दुसरा गिअर आणि ३०. कॅलिफोर्नियाचे ८८ किलोमीटर मी येथे का घेत नाही, असे यजमानांनी विचारले होते. तेथील तो आकडा ज्या रस्त्यांसाठी आहे त्यांच्यावर गावे येत नाहीत, रंग उडालेले गतिरोधक नसतात, उलट दिशेने दुचाकी येत नाही आणि मार्गिकेत बसलेले जनावर आढळत नाही. आपल्या चौपदरी रस्त्यावर यातले काहीही कोणत्याही वळणानंतर समोर येते. १०० च्या वेगाला दीड सेकंदाच्या विचारातच गाडी ४२ मीटर पुढे जाते, ७० ला २९ मीटर, आणि थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने १०० ला ती ७० च्या दुपटीहून थोडी जास्त असते. ती सगळी ऊर्जा आमच्या बाबतीत केवळ मोटारीच्या ब्रेकनी पचवायची आहे, कारण ट्रेलरला ब्रेक नाही. युरोपात ७५० किलोंपर्यंतच्या ट्रेलरला ब्रेक नसला तरी चालतो आणि आमचा त्याच्या निम्म्याहूनही हलका आहे, तरी चोर्ला घाट उतरताना ते तीनशे किलो प्रत्येक वळणावर पाठीत जाणवतात.

वेळ किती गेला? सुमारे ३०० किलोमीटरचा मोकळा चौपदरी रस्ता सरासरी ८० ने पावणेचार तासांत आणि ६५ ने साडेचार तासांहून थोडा अधिक वेळात होतो. म्हणजे पाऊण तासाहून जरा जास्त. आम्ही तो साताऱ्याच्या अलीकडे एका न्याहारीत आणि निपाणीच्या चहात भरून काढला, असे म्हणण्यापेक्षा तो गेला असेच म्हणते, आणि गेला ते बरे झाले. डाव्या मार्गिकेत ७० ने जाताना कंटेनरवाले आम्हाला ओलांडून गेले, काहींनी मागून दिवे मारले. बसने ओलांडल्यावर ट्रेलरला हलका धक्का जाणवायचा आणि तेथेच विरायचा. परतीच्या वाटेवर कऱ्हाडच्या त्याच टप्प्यावर गाडी यजमान चालवत होते. मी आरशात सतत पाहत होते. कयाकची टोके रस्त्याच्या रेषेला समांतर राहिली.

किरकोळ उणिवा दोन आहेत. दिव्यांचा सात पिनांचा प्लग उघडा राहतो, त्याला रबरी टोपण स्वतः आणून बसवावे लागले. दांडीखालचे आधारचाक दिलेले नाही, त्यामुळे भरलेला ट्रेलर गाडीपासून सोडवताना दोन माणसे लागतात. तसेच खाऱ्या पाण्यात चाके बुडवून कयाक उतरवणार असाल तर बेअरिंग दर काही महिन्यांनी उघडून ग्रीस बदलावे लागते. हे कार्यशाळेने न विचारता सांगितले होते, याची नोंद करते.

पूर्ण ट्रेलर, जस्ताच्या थरासह आणि मी नंतर बदललेल्या टायरांचा खर्च सोडून, सत्तर हजारांच्या आत बसला. बनायला पाच आठवडे लागले. लोखंडाचे काम हव्या त्या मापात आणि प्रामाणिकपणे करून हवे असेल तर मी ही कार्यशाळा निश्चित सुचवीन, परंतु ऑर्डर देताना चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात. भरल्यानंतरचे एकूण वजन, गोळ्यावर येणारा भार, टायरांचे निर्मितीवर्ष आणि कमाल वेग.

मार्चमध्ये ग्रीससाठी गेले तेव्हा शेडमध्ये कोणा मासेविक्रेत्याचा बर्फपेटीचा ट्रेलर तयार उभा होता. त्याच्या दांडीवर अक्षरांचे ठसे ठोकून दोन ओळी कोरलेल्या होत्या. वरची होती 'वजन पुढे भरा' आणि खालची 'कमाल ७० किमी'. मालकांनी आमच्याही दांडीवर त्याच दोन ओळी ठोकून दिल्या आणि खाचांत पांढरा रंग भरला.